कॅन्सरला उपास घडत नाही

अमृतसरला २१ नोव्हेंबर २०२४ रोजी नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकार परिषद घेतली आणि आपल्या पत्नीचा, डॉ. नवज्योत कौर यांचा, चौथ्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर आहार बदलून चाळीस दिवसांत बरा झाला असं सांगितलं. लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंबाची पानं, तुळस, अ‍ॅपल सायडर व्हिनेगर. साखर बंद, दूध बंद. संध्याकाळी लवकर जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत पोटात काही घालायचं नाही. कॅन्सरला साखर मिळाली नाही की त्याच्या पेशी आपोआप मरतात, हा त्यामागचा सिद्धांत.

दोनच दिवसांनी परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी सह्यांचं निवेदन काढलं. या दाव्यांना भक्कम पुरावा नाही, अशा उपायांपायी उपचार लांबवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. या बाईंची शस्त्रक्रिया झाली होती, किमो झाली होती आणि त्या बऱ्या झाल्या त्या उपचारांनी, हे तिथले संचालक डॉ. सी. एस. प्रमेश यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं. मग सिद्धूंनीही खुलासा केला की हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, उपचारांच्या जोडीला घेतला होता. पण खुलासा कोणी पुढे पाठवत नाही. पुढे जातो तो पहिला व्हिडिओ, आणि तो मुंबईच्या गोवंडीत अजून फिरतो आहे. कधी मूळ रूपात, कधी दुसऱ्याच कोणा वैद्याच्या किंवा हकिमाच्या तोंडून, कधी नुसत्या चार ओळींच्या मेसेजमध्ये. सिद्धूंचं नाव गळून पडलंय, ‘साखर तोडा, कॅन्सर उपाशी मरेल’ हे वाक्य तेवढं राहिलंय.

माझं भांडण या वाक्याशी आहे. ते ज्या घरांत श्रद्धेने पाळलं जातं त्या घरांशी नाही.

गोवंडीच्या बैंगनवाडीतल्या एका घरात काय झालं ते सांगतो. बाई पंचेचाळिशीच्या, लहानपणापासून मिश्री लावायची सवय. गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि मग शेक सुरू झाला. रेडिएशनला इथे सगळे शेकच म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज, सहा आठवडे. गोवंडीहून हार्बरच्या गाडीने शिवडी, तिथून बस, मग नंबर येईपर्यंत बाकावर. ऑपरेशनच्या वेळी वजन पंचेचाळीस किलो. तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं, लाळ आटली, गिळताना काचा टोचाव्यात तसं व्हायला लागलं. हे होणारच होतं, डॉक्टरांनी तशी कल्पनाही दिली होती. नेमक्या त्याच सुमारास भाच्याने मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या दिवसापासून दूध बंद, केळं बंद, शेवयांची खीर बंद, साखर तर घरातूनच हद्दपार. सकाळी हळद घातलेलं लिंबूपाणी, दुपारी उकडलेला दुधी, संध्याकाळी पाचनंतर काही नाही. शेकाने सोललेल्या तोंडात लिंबाचं पाणी! त्या बाई ते डोळे मिटून गिळत होत्या, कारण बरं व्हायचं होतं. धाकटी बहीण मला म्हणाली, “ताईला गोड देतच नाही आम्ही. गोड दिलं की त्याला खायला मिळतं ना.” त्याला म्हणजे आजाराला. आजाराचं नाव घरात घेत नाहीत.

ही बहीण अडाणी नाही आणि निष्काळजी तर नाहीच. रात्री दोनदा उठून ताईचं तोंड मीठ-सोड्याच्या पाण्याने धुऊन देणारी बाई आहे ती. तिला कोणीतरी चुकीचं शस्त्र हातात दिलं आणि ते तिने मनापासून चालवलं. म्हणूनच मला राग येतो, आणि तो तिच्यावर येत नाही.

या सिद्धांतात एक खरं बीज आहे, म्हणून तो इतका पटतो. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिलं की कॅन्सरच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा कितीतरी जास्त ग्लुकोज ओढतात. पेट स्कॅनसुद्धा त्यावरच चालतो. किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून सोडायची आणि ती कुठे जास्त साठते ते पाहायचं. इथवर सगळं बरोबर. चूक होते ती पुढच्या पायरीला, ‘म्हणून साखर खाल्ली नाही की त्याला ती मिळणार नाही’ या ठिकाणी. रक्तातली साखर ताटातल्या साखरेवर अवलंबून नसते. एकट्या मेंदूला दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर ग्लुकोज लागतं आणि शरीर ते काहीही करून पुरवतं. आधी यकृतातला साठा काढतं, तो दिवसभरात संपतो. मग स्नायू मोडायला काढतं आणि त्यातल्या प्रथिनांपासून यकृत नवी साखर बनवतं. ही साखर त्याच रक्तात फिरते आणि कॅन्सरच्या पेशी तिच्यातून आपला वाटा घेत राहतात. शिवाय त्या प्रथिनांवर आणि चरबीवरही भागवू शकतात. म्हणजे उपास धरला तर कॅन्सरचं जेवण चालूच राहतं, फक्त ते मांडी-दंडाच्या मांसातून येतं. श्वास ओढणारे स्नायूही त्यातून सुटत नाहीत. उपास कॅन्सरला घडत नाही, तो माणसाला घडतो.

आणि हे मांस आधीच जळत असतं. कॅन्सर शरीरात अशी द्रव्यं सोडायला लावतो की भूक मरते, स्नायू झिजतात आणि खाल्लेलंही नीट अंगी लागत नाही. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदींवरून १९८० साली निघालेला निष्कर्ष आजही पुसला गेलेला नाही. किमो सुरू होण्याआधीच ज्यांचं वजन उतरलेलं होतं ते, बहुतेक प्रकारच्या कॅन्सरमध्ये, वजन टिकलेल्यांपेक्षा कमी जगले. युरोपातल्या एस्पेन या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने कॅन्सरच्या रुग्णांसाठी ज्या सूचना दिल्या आहेत त्यांत किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिनं धरली आहेत, आणि कुपोषित किंवा कुपोषणाच्या उंबरठ्यावरच्या रुग्णाला खाणं तोडणारा कुठलाही आहार देऊ नका असं स्वच्छ म्हटलं आहे. बैंगनवाडीतल्या त्या बाईंना या हिशोबाने दिवसाला तेराशेच्या आसपास कॅलरी आणि पंचेचाळीस ते पासष्ट ग्रॅम प्रथिनं लागत होती. लिंबूपाणी आणि दुधीतून त्याच्या निम्म्यानेही पोटात जात नव्हतं.

परिणाम तिसऱ्याच ठिकाणी दिसला. तोंडाचा-मानेचा शेक देताना डोकं तसूभरही हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार प्लॅस्टिकचा मास्क बनवतात आणि तो टेबलाला घट्ट बसवतात. किरणांचा नेम त्या मापावर धरलेला असतो. वजन भराभर उतरलं की गाल बसतात, मान बारीक होते आणि मास्क सैल पडतो. मग पुन्हा स्कॅन, पुन्हा मास्क, पुन्हा आखणी आणि मध्ये खाडे. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये शेक लांबला तर दिवसामागे साधारण एक टक्क्याने आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते, हे या शास्त्रातलं जुनं, वारंवार तपासलेलं गणित आहे. साखर तोडून कॅन्सरला कोंडीत पकडायला निघालेल्या घराने नकळत त्याला सवड दिली. किमोतही तेच होतं. पेशी कमी होतात, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, आणि अंगात ताकद नसेल तर पुढचा डोस आठवडा-दोन आठवडे ढकलावा लागतो किंवा कमी करावा लागतो.

यावर शिकलेल्या माणसांकडून एक उत्तर येतं. वजन कमी करा, गोड कमी करा, हे तर डॉक्टरही सांगतात. सांगतात, आणि योग्यच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ साली तेरा प्रकारच्या कॅन्सरचा संबंध लठ्ठपणाशी जोडला, त्याच्या आदल्या वर्षी सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक म्हणून जाहीर केलं. पण हा सल्ला कॅन्सर होऊ नये म्हणून आहे, आणि स्तनाच्या कॅन्सरसारख्या आजारात उपचार संपून माणूस सावरल्यानंतरही तो लागू पडतो. मधले सहा-आठ महिने वेगळे असतात. तेव्हा शरीर विष पचवत असतं, जळलेली कातडी पुन्हा विणत असतं, रक्त नव्याने तयार करत असतं. आधीचं आणि नंतरचं पथ्य या मधल्या काळावर लादणं हे या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. मधुमेह असलेल्याने साखर सांभाळायचीच, पण तीही डॉक्टरांना विचारून आणि बाकीचं पोटभर खाऊन. दुधाबद्दल तर भीतीला आधारच थोडा आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबाबत जमलेला पुरावा दूध धोका कमी करतं याच बाजूला झुकतो.

उपासावर संशोधन चालू नाही का? चालू आहे. किमोच्या आगेमागे दोन-तीन दिवस अगदी कमी खाल्लं तर त्रास कमी होतो का, हे युरोप-अमेरिकेत तपासलं जातं. ते प्रयोग वजन सुस्थितीत असलेल्या, नियमित रक्त तपासलं जाणाऱ्या रुग्णांवर होतात, आणि किमो पूर्ण चालू ठेवून होतात. त्यांचा दाखला गोवंडीत द्यायचा तर गोवंडी कुठे आहे ते आधी पाहावं लागेल. महापालिकेच्या २००९च्या मानव विकास अहवालात मुंबईच्या चोवीस विभागांत एम-पूर्व विभाग, म्हणजे गोवंडी-मानखुर्द-देवनारचा हा पट्टा, अगदी तळाला होता. टीबी इथे गल्लोगल्ली ओळखीचा आहे. अंगणवाडीच्या काट्यावर इथली पोरं वर्षानुवर्षं कमी भरत आली आहेत आणि त्यातलीच काही मोठी होऊन आज कॅन्सरच्या रांगेत उभी आहेत. ज्या बाईने आयुष्यभर शेवटी, उरलेलं जेवलं तिला आजारपणात उपास सांगायचा, हे मला क्रूर वाटतं. सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

आता हळद, कडुनिंब, गव्हांकुराचा रस. भाजीतल्या हळदीने कोणाचं काही बिघडत नाही. पण ‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना’ हे वाक्य खोटं आहे. २०२० साली कोरोनाच्या भीतीने लोक गुळवेल पिऊ लागले तेव्हा मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, आणि ती नोंद पुढच्या वर्षी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यावर वादही झाला. पण किमोची बरीच औषधं यकृतातूनच मोडली जातात, आणि ज्या यकृतावर आधीच तो भार आहे त्याच्यावर रोज वाटीभर कडू काढा ओतण्याचा धोका ज्याने त्याने ओळखावा. गव्हांकुराचं तर मी गोवंडीत पाहिलं आहे. ट्रेमध्ये उगवलेलं गवत कापलं, ड्रममधल्या पाण्यात बुचकळलं आणि मिक्सरला लावलं. पाणी पहाटे तासभर येतं, ड्रम भरून ठेवतात, तो गटाराच्या कडेला उभा असतो, त्याच्यात मग दिवसभर हात बुडतात. किमोनंतर पेशी तळाला गेलेल्या माणसाला असा कच्चा रस देणं म्हणजे जुलाबाला आणि तापाला आमंत्रण. अशा तापाला रात्रीच्या रात्री हॉस्पिटल गाठावं लागतं, सकाळपर्यंत थांबता येत नाही. कच्चं सॅलड, रस्त्यावरचा ज्यूस, उघडी कापलेली फळं हेही त्याच माळेतलं. शिजवलेलं, गरम केलेलं, सोललेलं खावं आणि पाणी उकळलेलं प्यावं. पथ्य पाळायचंच असेल तर या दिवसांत हे पाळावं.

याहून मोठा धोका एका आकड्यात आहे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली अमेरिकेतल्या अशा २८१ रुग्णांचा अभ्यास छापला, ज्यांनी बरा होण्याजोगा कॅन्सर असताना उपचार नाकारून फक्त पर्यायी मार्ग धरला होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीचपट निघाला आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाचपटीहून जास्त. सिद्धूंच्या व्हिडिओत ज्या आजाराचं नाव होतं तोच हा आजार.

मग खायचं काय, हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचं उत्तर पावडरच्या महाग डब्यात शोधायची गरज नाही. पोर्तुगालमध्ये पॉला रवास्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या १११ रुग्णांवर, शेक चालू असताना, एक सरळ प्रयोग केला. एका गटाला आहारतज्ज्ञाने घरचंच अन्न कसं, कधी, किती खायचं ते बसून समजावलं. दुसऱ्याला प्रथिनांचं तयार पेय दिलं. तिसरा गट जसं खात होता तसंच खात राहिला. शेक संपला तेव्हा पहिल्या दोन्ही गटांचं खाणं वाढलेलं होतं. पण तीन महिन्यांनी पाहिलं तर टिकून होतं ते फक्त समजावून घेतलेल्या गटाचं. डोक्या-मानेच्या रुग्णांवरच्या त्यांच्या प्रयोगातही तेच दिसलं. गिळताच येत नाही तिथे पावडर कामाची आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण हजार रुपयांचा डबा आणून तो पाण्यात पातळ करून आठवडाभर पुरवायचा आणि घरातलं अंडं मात्र ‘उष्ण पडेल’ म्हणून द्यायचं नाही, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की त्याविरुद्ध बोलावंच लागतं.

अंडं सात-आठ रुपयांना मिळतं आणि त्यात सहा ग्रॅमच्या वर उत्तम प्रथिन असतं. ते नीट उकडून, कुस्करून, मऊ खिचडीत तुपाबरोबर कालवलं तर तोंड आलेल्या माणसालाही जातं. अर्धा लिटर दुधात सोळा ग्रॅम. बैंगनवाडीत बिहार-उत्तर प्रदेशातल्या कुटुंबांमुळे कोपऱ्याकोपऱ्यावर सत्तू मिळतो, पन्नास ग्रॅम सत्तूत दहा ग्रॅम. आपल्या मराठी घरांनी तो शेजारणीकडून अजून उचललेला नाही, तो उचलावा. गरम दुधात सत्तू आणि साखर, हो, साखर, असं मिसळलं की शेकाच्या रांगेत बाटलीतून घोट घोट घेता येतं. नाचणीची आंबील, दहीभात, घट्ट वरण, सोयाबीनच्या वड्या भिजवून वाटून केलेला खिमा. मांसाहार करणाऱ्या घराला तर देवनारचा कत्तलखाना हाकेच्या अंतरावर आहे. पायाचा रस्सा घशाला बरा वाटतो, जरूर द्यावा, पण त्यावर भागलं असं समजू नये. नुसत्या रश्श्यापेक्षा त्यात शिजवून मऊ केलेला खिमा अंगाला जास्त लागतो. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा सोडून प्लॅस्टिकचा घ्यावा. मळमळत असेल तर गरम फोडणीच्या वासापेक्षा गार अन्न सोसतं. तीन जेवणांचा हट्ट सोडून दर दोन तासांनी वाटीभर. ‘ती जेवतच नाही हो’ अशी तक्रार घेऊन जे येतात त्यांच्या घरी बहुतेक वेळा ताट वाढलेलं असतं. ताट पाहूनच तिची भूक मरते.

बैंगनवाडीतल्या त्या बाईंना अखेर नाकातून नळी घालावी लागली. नळी म्हटल्यावर घरात रडारड झाली, शेवटच आला असं सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात तिथूनच त्या सावरल्या. बहिणीने आठवडाभरात सगळं शिकून घेतलं. डोकं उशीवर उंच, मोठ्या सिरिंजचं दट्ट्या काढलेलं नळकांडं वर धरायचं, त्यात दूध-सत्तू किंवा गाळलेलं वरण-भात ओतायचं, ढकलायचं नाही, आपोआप उतरू द्यायचं. मग उकळून गार केलेल्या पाण्याने नळी धुवायची, तासभर आडवं होऊ द्यायचं नाही. दर खेपेला साधारण दोनशे मिलिलिटर, दिवसातून सात-आठ खेपा. वजन उतरायचं थांबलं आणि राहिलेला शेक पुढे खाडा न पडता पुरा झाला. त्यांचा कॅन्सर दूध-सत्तूने गेला असं मी म्हणत नाही आणि कोणी म्हटलं तर त्याच्याशीही भांडेन. दूध-सत्तूमुळे उपचार पुरे करता आले.

या वादात दुसऱ्या बाजूलाही जाब विचारायला हवा. व्हिडिओ गोवंडीत घर करतो, कारण त्याआधी तिथे कोणी आलेलं नसतं. एका हॉस्पिटलात मी अशाच एका रुग्णाबरोबर होतो. कागदावर औषधांच्या नऊ ओळी होत्या आणि खाण्याबद्दल दोन शब्द, ‘पौष्टिक आहार’. ते दोन शब्द घेऊन माणूस लोकलने घरी येतो आणि मोबाइल उघडतो. तिथे त्याला कोणीतरी सकाळी काय, दुपारी काय, किती वाजता, सगळं तपशिलाने सांगत असतं. डॉक्टरांना गर्दी आहे हे मला दिसतं. देशभरातून परळला येणारी ती रांग पाहिली की कोणालाही दिसेल. पण खाणं समजावून सांगायला शल्यविशारद लागत नाही. प्रशिक्षित आहारसेविका लागते, आणि ती रुग्णाच्या भाषेत बोलणारी लागते. परळच्या फुटपाथवर आणि धर्मशाळांतून रुग्णांना, त्यांच्या माणसांना जेवू घालणारे लोक आहेत. दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा पिढ्यान्‌पिढ्या बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देते. त्यांच्या कामापुढे मी हात जोडतो. पण गोवंडीचा रुग्ण मुंबईकर असल्यामुळे धर्मशाळेत राहत नाही. तो रोज रात्री घरी जातो, आणि घरच्या डब्यात काय आहे हे कोणी पाहत नाही.

आता सरकार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, शेक आणि किमो त्यात बसतात. फार मोठी गोष्ट आहे ही, तिच्यामुळे कर्ज न काढता जगलेली माणसं मी ओळखतो. दाखल रुग्णाचं जेवणही योजनेत धरलेलं असतं. पण शेकाचा रुग्ण दाखल नसतो, तो रोज येऊन-जाऊन असतो. त्याच्या पोटाचा हिशोब कुठल्याच खात्यात नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं. त्यात गहू आहे, तांदूळ आहे. डाळ नाही, अंडं नाही, दूध नाही. आणि गोवंडीत भाड्याने राहणाऱ्या कितीतरी जणांचं कार्ड गावी आहे.

हे अशक्य आहे असं कोणी सांगू नये, कारण याच सरकारने टीबीसाठी ते केलं आहे. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाच्या खात्यात खाण्यासाठी महिना ५०० रुपये येऊ लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने टीबीच्या २८०० रुग्णांना महिन्याला दहा किलोचा शिधा दिला. त्यात तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल होतं. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. कॅन्सर म्हणजे टीबी नव्हे, इथे वजन वाढल्याने आजार हटत नाही, हे वर सांगितलंच आहे. पण गोवंडीच्या एकाच गल्लीत, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, टीबीच्या रुग्णाला औषधाबरोबर खाण्याचे पैसे मिळतात आणि किमोच्या रुग्णाला लाखाची औषधं मिळून वर दुधापुरते पैसे मिळत नाहीत, याला कुठलं शास्त्र आधार देतं?

यावर अधिकाऱ्यांकडून मी ऐकलेला आक्षेप एकच आहे. “पेशंटला दिलेलं दूध पोरंच पिणार.” पिणारच. आई समोर बसलेल्या पोरांना सोडून एकटी दूध पीत नाही, आणि तिने तसं करावं अशी अपेक्षा धरणाऱ्याने तिच्या घरी एकदा संध्याकाळी जाऊन बसावं. झारखंडच्या प्रयोगाने हा आक्षेप आधीच सोडवलेला आहे. तिथे निम्म्या भागांत रुग्णाबरोबर घरच्या प्रत्येक माणसासाठीही महिना पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली होती, आणि त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झालं. तेव्हा शेक किंवा किमो चालू आहे तोवर दर आठवड्याला वजन कार्डावर लिहावं, ते पाच टक्क्यांनी उतरलं की आहारसेविकेकडे पाठवणं सक्तीचं करावं, आणि फुले योजनेच्या मंजुरीबरोबरच डाळ, अंडी, दूध पावडर आणि तेलाचा शिधा घरात जितकी ताटं आहेत तितक्यांसाठी मोजून द्यावा.